सरासरी चार मिनिटं

दवाखान्यासमोर बसचा शेवटचा थांबा होता आणि थांब्याच्या कडेला पत्र्याची चौकी. चौकीला दोन खिडक्या. डाव्या खिडकीत अकरा नंबरच्या गाड्यांची वेळ लिहिली जायची, उजव्या खिडकीत सोळा नंबरच्या. डाव्या खिडकीत सत्तावीस वर्षं एकच माणूस बसला. खात्याच्या कागदांवर तो वेळनोंद कारकून होता. ड्रायव्हर-कंडक्टर त्याला मास्तर म्हणायचे. मास्तरांनी जन्मात कुणाला मुळाक्षरं शिकवली नव्हती. पण खिशाला दोन पेनं, कपड्यांना इस्त्री आणि मोत्यासारखं अक्षर, अशा माणसाला दुसरं काय म्हणणार?

काम तसं सोपं. गाडी थांब्याला लागली की वहीत ठरलेली वेळ, आलेली वेळ आणि ड्रायव्हरचा बिल्ला नंबर लिहायचा. दहा मिनिटांहून जास्त उशीर असला की तांबड्या शाईनं शेरा. महिन्यात असे तीन शेरे पडले की त्या ड्रायव्हरला पुढचे पंधरा दिवस पहाटे चारची पाळी. म्हणजे उशीर करायचा रस्त्यानं आणि अंधारात उठायचं ड्रायव्हरनं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. हा नियम ज्यानं काढला तो साहेब खात्याच्या मोटारीतून फिरायचा, हे वेगळं सांगायला नको.

आणि रस्ता कसा? अकरा नंबर निघायची शहराच्या दुसऱ्या टोकाहून, जुन्या वसाहतीतून. नकाशात पाहिलं तर पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ. पण सूतगिरणीच्या वळणावर रस्त्याची कंबर एकदम बारीक व्हायची, पुढे पाच रस्ते एका चौकात येऊन भांडायचे, आणि त्याच्याही पुढे उड्डाणपूल आपल्या सगळ्या मोटारी नेमक्या बसच्या तोंडाशी आणून ओतायचा. पूल झाला तेव्हा आता कोंडी फुटली म्हणून साहेबांनी फीत कापली होती. कोंडी फुटली नाही, फक्त चौकातून उठून पुलाच्या पायथ्याशी राहायला गेली. एकेका मोटारीत एकेक माणूस, शेजारच्या सीटवर त्याची बॅग, आणि त्या सगळ्यांच्या मागे साठ माणसं घेऊन ताटकळलेली बस. पाऊण तासाचा रस्ता आधी सव्वा तासाचा झाला, मग दीड तासाचा, मग कधी कधी दोनाचा. वेळापत्रक मात्र पाऊण तासावरच राहिलं. ते बदलायला कुणाला वेळ झाला नाही.

पहिली खोटी वेळ मास्तरांनी लिहिली ती लंबूसाठी. लंबू म्हणजे अकरा नंबरवरचा ड्रायव्हर, चौकीच्या दारातून वाकूनच आत शिरणारा. त्या महिन्यात त्याचे दोन शेरे झालेले आणि घरात बायको आठ दिवसांची बाळंतीण. नऊची गाडी चाळीस मिनिटं उशिरा लावून तो आत आला. बाकावर बसून नुसती टोपी हातात फिरवत राहिला. मास्तरांनी पेन उचललं. नऊ चाळीस लिहायचं होतं, नऊ चार लिहिलं.

"मास्तर, असं नका करू. तुमच्यावर येईल," लंबू म्हणाला.

"माझ्यावर काय येतंय? वही माझी, पेन माझं. जा, चहा घे आणि घरी जाऊन लेकराचं तोंड बघ."

एकदा बांध फुटला की पाणी विचारून थोडंच वाहतं? लंबूचं झालं, मग कुणाची आई आजारी, कुणाच्या मुलाची परीक्षा. वर्षभरात अकरा नंबरवर तांबडी शाई लागायचीच बंद झाली. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. मास्तरांनी त्यातही कारागिरी दाखवली. सगळ्याच गाड्या वेळेवर आल्या असं लिहिलं तर साहेबाला वास येतो, म्हणून ते कुणाला दोन मिनिटं उशीर द्यायचे, कुणाला सात, आठवड्यातून एखाद्याला नऊ. पावसाच्या दिवशी जरा सढळ हातानं. वही बघणाऱ्याला वाटावं, काय इमानी माणूस आहे, एक मिनिट सोडत नाही.

उजव्या खिडकीतल्या माणसाला ड्रायव्हरांनी काटेराव असं नाव ठेवलं होतं. नाकावर माशी बसू देणार नाही असा गृहस्थ. सोळा नंबर उत्तरेकडच्या उपनगरातून यायची. तो रस्ता काही फार चांगला होता असं नाही, पण अकराच्या मानानं बरा. गाडीचं चाक थांबलं की काटेराव घड्याळात बघायचा आणि जे दिसेल ते लिहायचा. त्याच्या वहीची पानं गोवर उठल्यासारखी तांबडी दिसायची. सोळाचे ड्रायव्हर त्याला साध्या पाण्यालाही विचारत नसत, आणि त्याच्या सायकलची हवा महिन्यातून एकदा तरी आपोआप जायची.

"तुमच्या पोटात माया म्हणून नाही," मास्तर एकदा त्याला म्हणाले.

"माया घरी. इथं जे झालं ते लिहायचं," काटेराव म्हणाला.

यावर चौकीतले सगळे हसले. मास्तर सगळ्यांत जास्त.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मास्तरांची बायको आजारी पडली. दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं. दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात मशीनला जोडून चार तास रक्त शुद्ध करून घ्यायचं. तिची वेळ नऊ ते एक. एक वाजला की त्या खुर्चीवर पुढचा पेशंट बसणार. तेव्हा तुम्ही दहाला उगवलात तर तुमच्या वाट्याला तीनच तास. नर्स तरी काय करणार, तिच्याकडे जादा खुर्ची नव्हती.

घर जुन्या वसाहतीत, म्हणजे अकरा नंबरच्या पार दुसऱ्या टोकाला. दवाखान्याजवळ खोली बघू, असं मास्तर किती वेळा म्हणाले. पण घरात त्यांचे वडील होते, बारा वर्षांपूर्वी दृष्टी गेलेले. त्या दोन खोल्यांत ते भिंती चाचपत न अडखळता हिंडायचे. चहाचा डबा कुठे, उंबरठा किती उंच, सगळं त्यांच्या बोटांना पाठ.

"या वयात मामंजींना नव्या भिंती कोण शिकवणार?" ती म्हणायची. "राहू दे हो. मी जाईन बसनं. आठवड्यातून दोनच दिवस तर आहेत."

सुरुवातीला ती मास्तरांबरोबर पहाटे पाचच्या पहिल्या गाडीनं यायची. त्या वेळी रस्ता मोकळा. पावणेसहाला पोचायची आणि नऊ वाजेपर्यंत चौकीत मास्तरांच्या मागे स्टुलावर बसून राहायची. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून 'काय वहिनी, बरं आहे ना?' म्हणून जायचे. तिथंच एके दिवशी तिनं विचारलं, "अहो, ही गाडी तर आत्ता लागली. पावणेनऊ झाले. तुम्ही आठ सात कसं लिहिलंत?"

मास्तरांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं, अगदी लंबूपासून. ती म्हणाली, "बरं करता. त्यांच्याही घरी लेकरंबाळं आहेत. झोपू दे त्यांना सकाळी."

मास्तरांना इतकं बरं वाटलं! सगळ्या खात्यानं पाठ थोपटली असती तरी एवढं वाटलं नसतं.

पण तीन तीन तास स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून तिचे पाय टम्म सुजायचे. डॉक्टर रागावले. तेव्हा ती घरून सव्वासातच्या गाडीनं यायला लागली. ती गाडी आठला पोचायची, म्हणजे वहीत. खरी पोचायची नऊला, साडेनऊला, कधी दहाला. त्याहून आधीची गाडी धरायची म्हटलं तर सासऱ्यांचं सकाळचं कोण बघणार? इतके दिवस शेजारीण बघायची, पण तिला तरी किती दिवस सांगायचं? मास्तरांना खिडकीतून ती उतरताना दिसायची, दांडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा. ती हात करायची. मास्तर हात करायचे आणि मग त्याच हातानं वहीत लिहायचे, आठ चार.

त्यांना काहीच वाटत नव्हतं का? वाटायचं. रस्त्याचा राग यायचा, मोटारवाल्यांचा यायचा, पूल बांधणाऱ्यांना ते मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालायचे. पण वहीचा आणि रस्त्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. वही ड्रायव्हरांना वाचवण्यासाठी. रस्ता ज्याच्या त्याच्या नशिबाचा. एवढा हुशार माणूस, पण दिव्याखाली अंधार तो असा.

मग एक दिवस नगररचना कार्यालयातल्या इंजिनिअर बाई चौकीत आल्या. शहरात बससाठी वेगळा पट्टा करायचं ठरलं होतं: रस्त्याच्या मधोमध फक्त बस धावणार, मोटारींना मज्जाव, अरुंद वळणं रुंद करणार. निधी मात्र एकाच रस्त्यापुरता होता. अकराचा रस्ता की सोळाचा, ते ठरवायला त्यांना पाच वर्षांच्या वह्या हव्या होत्या.

मास्तरांनी कपाटावरची धूळ झटकून वह्या काढल्या, क्रमानं लावल्या, सुतळीनं बांधून बाईंच्या हातात दिल्या. वरची वही चाळून बाई म्हणाल्या, "इतक्या नीटनेटक्या नोंदी मी कुठे पाहिल्या नाहीत." मास्तरांचा चेहरा खुलला. काटेरावनं आपल्या तांबड्या वह्या नुसत्या खिडकीतून पुढे सरकवल्या.

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेले ते बातमी घेऊनच. "आता बघ. पट्टा झाला की अर्ध्या तासात दवाखाना."

"अर्ध्या तासात?" ती म्हणाली. "मग पुरे चार तास मिळतील." तिनं सासऱ्यांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. पुढचे कित्येक दिवस घरात पट्ट्याचंच बोलणं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की तीन तासांनी भागत नाही, पाणी अंगात साठत चाललंय, चार तास मिळालेच पाहिजेत. बाकी काही औषध उरलं नव्हतं. तिचा जीव त्या एका तासावर होता, आणि तो तास रस्त्यात अडकला होता.

हरकती ऐकण्यासाठी सभा ठेवली होती. सभागृह भरलेलं. मास्तर बायकोला घेऊन चौथ्या रांगेत बसले. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते. बाईंनी पडद्यावर शहराचा नकाशा दाखवला. उत्तरेचा रस्ता तांबडा होता, अकरा नंबरचा हिरवागार.

"सोळा नंबर, सरासरी उशीर सव्वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "अकरा नंबर, सरासरी उशीर चार मिनिटं. म्हणून पट्टा उत्तरेच्या रस्त्यावर करावा, अशी आमची शिफारस आहे."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला. मागून एक म्हातारबुवा उठले. "अहो बाई, चार मिनिटं? अकरा नंबरमध्ये दाढी करून बसलेला माणूस उतरेपर्यंत खुंट वाढतात!"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "मलाही नवल वाटलं, म्हणून दोनदा तपासलं. पण या नोंदी आमच्या नाहीत. तुमच्याच बसखात्याच्या आहेत, रोजच्या, पाच वर्षांच्या. त्या चुकीच्या आहेत असं कुणाला सांगायचं असेल तर आता सांगा."

आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरांनी फक्त उभं राहायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, 'त्या वेळा मी मनानं लिहिल्या.' त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरलीसुद्धा. मग त्यांना तीस ड्रायव्हर आठवले, लंबू आठवला, चौकशी, नोकरी, सत्तावीस वर्षांचं नाव. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत आपल्या बायकोचा श्वास आहे हे कळत असूनही त्यांना ती उघडवेना. ते बसून राहिले. बाईंनी दोनदा विचारलं आणि कागद आवरले.

परतीची गाडी पुलाच्या पायथ्याशी अडकली. तिथं ती म्हणाली, "चार मिनिटं." विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"अगं, मला कुठं ठाऊक होतं..."

"मीच म्हटलं होतं ना तुम्हाला, बरं करता म्हणून," ती म्हणाली. "अर्धं माझंही आहे."

ती रागावली असती तर मास्तरांना सोसलं असतं. हे सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. सगळं कागदावर लिहून आणलं होतं, ड्रायव्हरांपैकी कुणाचं नाव न घेता, सगळा दोष स्वतःकडे घेऊन. बाईंनी ते दोनदा वाचलं.

"काल का नाही बोललात?"

मास्तरांनी कागद आणखी थोडा पुढे सरकवला.

"काल हरकतींचा शेवटचा दिवस होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "संध्याकाळी शिफारस वर गेली. आता नव्यानं वर्षभर मोजणी करावी लागेल, आणि पुढचा निधी चार वर्षांनी. मी तुमचा कागद पुढे पाठवते. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

"बाई, माझ्या घरी चार वर्षं नाहीत हो," मास्तर म्हणाले.

चौकशी झाली. मास्तरांची खिडकी गेली. त्यांना टायरच्या गोदामात बसवलं. डाव्या खिडकीत नवा माणूस आला, तो खरी वेळ लिहू लागला आणि अकराचे ड्रायव्हर पाळीपाळीनं पहाटे चारला उठू लागले. निम्म्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. लंबू मात्र घरी आला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही आमच्यासाठी केलंत. आता आम्ही काय करू ते सांगा."

"काही करू नकोस. सोमवारी, गुरुवारी गाडी जरा जपून चालव. तिला धक्के सोसत नाहीत."

उत्तरेचा रस्ता खणायला घेतला आणि तिकडच्या सगळ्या मोटारी अकराच्या रस्त्यावर वळवल्या. आधीच उल्हास, त्यात आता हे. सव्वासातची गाडी साडेदहाला पोचू लागली. एका गुरुवारी ती उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. खुर्ची दुसऱ्याला दिलेली. नर्सचे डोळे भरून आले, म्हणाली, "काकू, दोन तास तुमची वाट पाहिली, मग काय करू? शनिवारी बघते, फोन करते." ती बरं म्हणाली, रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर गेली आणि आल्या गाडीनं घरी निघाली. पोचायला दोन वाजले. सासऱ्यांना जेवायला वाढून ती आडवी झाली.

शनिवारी फोन यायच्या आधीच तिला श्वास पुरेना. रुग्णवाहिकेला दीड तास लागला. रविवारी सकाळी ती गेली. रविवारचा रस्ता मोकळा असतो. तिला घरी आणायला वीस मिनिटं लागली. म्हाताऱ्यानं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आज लवकर कशी आली?"

पुढे दीड वर्षानं उत्तरेचा पट्टा सुरू झाला. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. त्यांचं तिकडे काही काम नव्हतं. तरी एका सोमवारी ते दोन बस बदलून उत्तरेच्या उपनगरात गेले आणि आठच्या सोळा नंबरमध्ये बसले. शेजारी एक बाई होती, साधारण बायकोच्याच वयाची. मांडीवर दवाखान्याची फाईल, आणि दंडाच्या आतल्या बाजूला सुया टोचून टोचून आलेला टेंगळासारखा फुगवटा. मास्तरांनी तो लगेच ओळखला. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. बाहेर मोटारींची रांग उभी होती आणि बस तिच्या बाजूनं बिनबोभाट चालली होती. त्या बाईचा डोळा लागला.

गाडी थांबली तशी ती दचकून जागी झाली. "भाऊ, कुठला स्टॉप?"

"दवाखाना."

"इतक्यात?" तिनं बाहेर पाहिलं आणि मग निवांत हसली. "नऊला आहे माझं. अजून अर्धा तास आहे. आता पुरे चार तास मिळतात बघा. पूर्वी अडीचच मिळायचे, वाटायचं काही खरं नाही आपलं." पिशवी आवरता आवरता ती म्हणाली, "ज्यानं कुणी हा रस्ता केला, त्याचं भलं होवो."

"त्या उजव्या खिडकीतल्या माणसानं केला," मास्तर म्हणाले.

तिला ते कळलं नसावं, पण उतरल्यावर ती चौकीपाशी गेली आणि खिडकीत वाकून काहीतरी बोलली. काटेरावला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. ती दवाखान्याच्या फाटकातून आत गेली, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी.

बायको गेली तेव्हा मास्तर रडले नव्हते. आता रिकाम्या बसमध्ये बसून ते रडले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. कंडक्टर जवळ आला. त्यानं विचारलं, "काका, कुणी आहे का दवाखान्यात तुमचं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "आता कुणी नाही."